लेकीच्या वाट्याला आलेला देश

शिकागोजवळच्या शॉमबर्गला येण्याआधी मी पुण्यातल्या एका मराठी शाळेत नववी-दहावीला इतिहास शिकवायचे. नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आलो. माझ्या व्हिसावर मला काम करायची परवानगी नव्हती, त्यामुळे माझं सगळं शिकवणं लेकीवर येऊन पडलं होतं, आणि सातवीत गेल्यापासून तिलाही ते नकोसं झालं होतं.

दोन हजार चारचा हिवाळा होता. एका दुपारी ती स्कूलबसमधून उतरली, बर्फाने भरलेले बूट दारातच टाकले आणि म्हणाली, "आई, आय गॉट पाकिस्तान."

मला काही कळेना. मग तिने समजावून सांगितलं. शाळेत देशोदेशींची लुटुपुटूची परिषद भरणार होती. प्रत्येकाने चिठ्ठी उचलायची, जो देश येईल त्याचा प्रतिनिधी व्हायचं आणि सगळ्यांसमोर त्याची बाजू मांडायची. शेजारी देशांनी नद्यांचं पाणी कसं वाटून घ्यावं, हा विषय होता.

"ते लोक काय म्हणतात, आई? यू वेअर अ हिस्टरी टीचर, राइट?"

फाळणी, लढाया, करार, सगळं मी शिकवलेलं होतं. 'कारणे द्या'ची उत्तरं मला झोपेतून उठवून विचारली असती तरी आली असती. पण पलीकडच्यांचं म्हणणं काय, असा प्रश्न आमच्या पेपरात कधी आला नव्हता.

संध्याकाळी नवरा ऐकून भडकलाच. "दुसरा देश माग. नॉर्वे-बिर्वे घे. मी टीचरला ईमेल करतो."

"बाबा, प्लीज! सगळे हसतील मला."

"हसू देत. आपल्या मुलीने उभं राहून त्यांची वकिली करायची का?"

मला दोघांचंही पटत होतं, म्हणजे खरं तर कुणाचंच धड पटत नव्हतं. शेवटी मीच शाळेत जाऊन भेटते म्हणाले.

समाजशास्त्राची शिक्षिका पन्नाशीची, शांत बाई होती. तिच्या स्वेटरला पिवळ्या रिबिनीची छोटी गाठ टाचलेली होती. माझं ऐकून घेऊन ती म्हणाली, "तुम्हाला हवं असेल तर बदलून देते. पण भारताची बाजू तिला घरात रोजच ऐकायला मिळत असेल ना? ही कुठे मिळणार?"

मी गप्प बसायला हवं होतं, पण माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी विचारलं, "मग अमेरिकेची चिठ्ठी कुणाला आलीय?"

"अमेरिका मी चिठ्ठ्यांत टाकलेलीच नाही," ती म्हणाली आणि रिबिनीवरून बोट फिरवलं. "ही माझ्या मुलासाठी. तो सैन्यात आहे, इराकमध्ये. मुलांनी वर्गात त्यावर वाद घातलेला मला सोसणार नाही."

भांडायला म्हणून गेलेली मी तिचा हात दाबून बाहेर पडले. देश बदलून मागायचा तर राहूनच गेला.

आमच्या इमारतीत लाहोरच्या एक बाई राहायच्या. वयाने मोठ्या, म्हणून मी त्यांना बाजी, म्हणजे ताई, म्हणायचे. कपडे धुवायच्या मशीनपाशी आमची ओळख झाली होती. त्या उर्दू बोलायच्या, मी हिंदी, आणि ती दोन्ही एकच भाषा आहे असं समजून आमचं छान चालायचं. त्याही तिकडे शिक्षिका होत्या. ताजी कोथिंबीर कुठे मिळते इथपासून सासूच्या गुडघ्यांपर्यंत सगळं बोलून झालं होतं. दोन देशांमधल्या भांडणाचा विषय मात्र दोघींनी कधी काढला नव्हता.

लेकीला घेऊन मी त्यांच्याकडे गेले. काम ऐकून त्या आधी हसल्या, मग चहा ठेवला. मग सांगू लागल्या, "आमच्या लहानपणी रावीत होड्या चालायच्या. अब्बा आम्हाला सुटीच्या दिवशी न्यायचे. आता पुलावरून पाहिलं तर वाळू दिसते. पाणी वर अडवलं ना." अडवणारे कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. लेक भराभरा लिहून घेत होती.

चहा संपता संपता मी सहज विचारलं, "बाजी, पासष्टची लढाई तुमच्या पुस्तकात कोण जिंकलं?"

"आम्ही," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्या?"

"आम्ही."

आम्ही दोघी हसत सुटलो. मग त्या एकदम थांबल्या. "माझे मामू त्या लढाईत गेले," त्या म्हणाल्या. माझं हसू ओठांवरच राहिलं.

"सो हू वन?" लेकीने विचारलं. बाजींनी तिच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली.

परिषद शाळेच्या जिममध्ये होती. पालक मागे घडीच्या खुर्च्यांवर बसले होते. भारताची चिठ्ठी एका लालसर केसांच्या मुलाला आली होती. त्याने वडिलांचा असावा असा लांबलचक टाय घातला होता आणि तयारी काहीच केलेली नव्हती. "इंडिया लाइक्स पीस," एवढं म्हणून तो थांबला. माझी लेक मात्र उभी राहिली ती ताठ. रावीतल्या होड्या, पुलाखालची वाळू, कालव्याच्या टोकाला पाण्याची वाट पाहणारे शेतकरी, सगळं इतकं छान मांडलं की मला अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी उठून तिला खाली बसवावंसंही वाटलं.

"पूर्वेकडच्या तीन नद्या करारात आपल्याकडे आहेत, ते सांग ना रे!" माझा नवरा पुटपुटला, मराठीत! त्या पोराला काय कळणार? माझेही ओठ हलत होते.

मधल्या सुटीत लेक त्या मुलाजवळ गेली आणि त्याच्या कानाशी लागून काहीतरी बोलली. सुटी संपल्यावर तो उठला आणि अडखळत का होईना म्हणाला, की करारानुसार पूर्वेकडच्या तीन नद्या भारताच्या आहेत. रावी त्यातलीच. लेकीला त्यावर उत्तर देता आलं नाही. मतदानाआधीच घरी जायच्या बसेस आल्या आणि परिषद तशीच आटोपली.

गाडीत मी विचारलं, "तूच सांगितलंस ना त्याला? का गं?"

"त्याला काहीच माहीत नव्हतं. इट वॉज सो बोरिंग." तिने कानाला हेडफोन लावले.

हायवेला लागल्यावर नवऱ्याने आरशातून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "असं शिकून हिला कुठला तरी देश आपला वाटेल का?"

माझ्या पुण्याच्या शाळेतल्या मुलांना देश आपला वाटायचा, यात शंकाच नव्हती. पण पलीकडे कुणाचे तरी मामा मेले, हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं, कारण मलाच ते माहीत नव्हतं. लेकीला दोन्ही बाजू बोलता येत होत्या आणि दोहोंपैकी एकही तिला टोचत नव्हती. मोठेपणी लढाई नको म्हणणारं माणूस यातल्या कुठल्या शाळेतून निघेल? एकदा वाटे हिच्या, एकदा वाटे कुठल्याच नाही.

वसंत ऋतूत त्या शिक्षिकेचा फोन आला. दर गुरुवारी वर्गात मदतीला याल का, पगार मात्र नाही, असं ती म्हणाली. मी जाऊ लागले. मुलांना माझ्या शाळेतल्या गोष्टी सांगायचे, त्यांच्या प्रश्नांना 'मला माहीत नाही' म्हणायला शिकले, आणि ते म्हणताना दर वेळी कानकोंडी व्हायचे. तिचा मुलगा उन्हाळ्यात सुखरूप परतला. आपण नक्की काय शिकवतोय, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पण गुरुवार मी एकही चुकवला नाही.