उसात शिरलेली बाई अजून बाहेर आली नाही

आधी एक दुरुस्ती. मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की कोडोलीचा ऊस तुटला आणि आमच्या फिल्मचा शेवटचा सीन गेला. ते चूक आहे... ऊस उभा आहे.

एसटीच्या खिडकीतून मला मोकळं रान दिसलं आणि मी गृहीत धरलं की ते बापूकाकांचंच. ते शेजारच्यांचं होतं. पोस्टखाली काही जणांनी "शेतकऱ्याला चार दिवस थांबायला काय झालं होतं" असं लिहिलंय. कृपया ते काढून टाका. चूक माझी, बोलणी त्यांना नकोत.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी... मी कोल्हापुरात एका कॉलेजात तासिका तत्त्वावर बॉटनी शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी मित्रांच्या छोट्या फिल्ममध्ये काम करते. नितीन दिग्दर्शक, कॅमेरा भाड्याचा, डबे आपापल्या घरचे. बापूकाका नितीनच्या लांबच्या नात्यातले, शेत त्यांचं.

सीन असा की नवऱ्याशी भांडून बाई उसात शिरते आणि शेवटी पलीकडून बाहेर येते. शिरण्याचं शूटिंग झालं. बाहेर यायच्या वेळी माझे पेपर तपासायचे आले, मग टेस्ट, मग सुपरव्हिजन... थंडी संपली तरी ती बाई आपली उसातच.

काल, रविवारी, काकूंचं लुगडं परत द्यायला कोडोलीला गेले. फिल्ममध्ये तेच नेसले होते. मनाशी ठरवून गेले होते, लुगडं द्यायचं, आभार मानायचे, चहाला न थांबता निघायचं.

शेताच्या बांधावर पोचले तर बाकी सगळं रान मोकळं, आणि विहिरीजवळ उसाचा एक तुकडा तसाच उभा. मी बघतच राहिले.

"बघतीस काय? तुझाच हाय त्यो," काकू म्हणाल्या. "वाळाय लागलाय बघ. तुझ्यागतच झालाय."

कारखान्याची तोड आली की टोळी कुणासाठी थांबत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्यात हंगाम संपत आलेला. मागे राहिलेला ऊस मग कोण नेणार? मी काकांना विचारलं, टोळीच्या मुकादमाला तुम्ही सांगितलं तरी काय?

"सांगायचं काय त्यात?" काका म्हणाले. "आमची पोर सिनेमात काम करत्या, तिचं निम्मं काम व्हायचं हाय, शुक्कारपातूर एवढं ऱ्हाऊ दे म्हणलं. टोळी आता पल्याडच्या रानात हाय. जाता जाता तोडतो म्हणला."

"आणि नाही म्हणाला असता तर?"

"तर तोडला असता की! इचारायला काय लाजायचं?"

काकूंचं वेगळंच चाललं होतं. "टोळीतल्या बाया रोज इचारत्यात, हिरो कोण हाय म्हणून. हिरो न्हाय म्हणलं, नुसतीच बाई हाय. तर म्हणत्यात, मग बघायचं काय त्यात?"

मी हसले... आणि हसता हसता डोळे भरून आले. 'आमची पोर सिनेमात काम करत्या' हे काकांनी भर रानात, अख्ख्या टोळीसमोर सांगून टाकलं. माझ्या स्टाफरूममध्ये हे एकाही माणसाला माहीत नाही. इथेसुद्धा मी टोपणनावाने लिहिते.

तासिकेवरची माणसं आम्ही. दर जूनला नव्याने इंटरव्ह्यू. 'या मॅडमचं शिकवण्यात लक्ष नाही' एवढं एखाद्याने सहज म्हटलं तरी पुरे, पुढच्या वर्षी बोलावणं येणार नाही. म्हणून मी कधी कुणाकडे तास बदलून मागितला नाही. प्रत्येक वेळी शूटिंगच पुढे ढकललं.

आता ढकलायला जागा नाही. शुक्रवारी ऊस तुटणार, त्याआधी कॅमेरा मिळतोय फक्त गुरुवारी. आणि गुरुवारी माझ्या बॅचची प्रॅक्टिकल परीक्षा आहे.

नितीन फोनवर म्हणाला, "अगं, ताप आलाय म्हणून सांग, विषय संपला." मला ते जमणार नाही. दम्यामुळे चौथीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही, आई आणि अण्णांनी घरीच शिकवलं. शिकवणारे, परीक्षा घेणारे, ताप बघणारे सगळे तेच... थाप मारणार कुणाला? ती सवय लागायचं वय तसंच निघून गेलं.

खरं तर मार्ग आहे. सुनीता मॅडमची बॅच शनिवारी आहे, आम्ही दिवस बदलून घेऊ शकतो. त्यांच्या मुलाला कावीळ झाली होती तेव्हा त्यांची बॅच मी घेतली होती. त्या नाही म्हणणार नाहीत... बहुतेक. पण बदलाला विभागप्रमुख सरांची परवानगी लागते, आणि सर कारण विचारणार.

आज सकाळी सरांच्या केबिनच्या दारापर्यंत गेले. आत ते एकटेच होते. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि मी डस्टर शोधायला आल्यासारखं करून परत फिरले.

दिवसभर तेच डोक्यात आहे. मुकादमाला हो म्हणायचं काही कारण नव्हतं, तरी काकांनी त्याला विचारलं. ज्यांच्याबरोबर मी रोज डबा खाते त्यांना मी विचारू शकत नाही. आणि सर नाही म्हणाले तर काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. पण न विचारता तो ऊस तुटू दिला, तर काकांना पुन्हा तोंड दाखवता येणार नाही.

काका, काकू, तुम्ही हे वाचणार नाही, तरी लिहिते. तुम्ही माझं काम तुमचं मानलंत. फार मोठे उपकार आहेत.

उद्या मंगळवार. पहिल्या तासाच्या आधी मी केबिनमध्ये जाणार आहे आणि म्हणणार आहे, "सर, मी सिनेमात काम करते. मला गुरुवार हवा आहे."