शार्क आणि आमचे भाऊजी

माझ्या नणंदेचे यजमान अर्धापूरचे. केळीचा व्यापार, पांढरे बूट, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत. आमच्या घरचे थोरले जावई, म्हणून त्यांचं बोलणं खोडायचं नाही, असा लातूरला आमच्या घरी नियम. मी तो बरीच वर्षं पाळला.

आम्ही चौघं अंदमानला गेलो. मला आणि भाऊजींना पाण्याखाली पोहायला शिकायचं होतं. माझा नवरा आणि नणंद बोटीत बसून राहणार होते. शिकवणाऱ्या बाईंनी शार्कबद्दल नीट सांगितलं. तो सावकाश फिरत असेल तर आपल्याशी त्याला काही घेणं नाही, गप राहून बघायचं. पाठीची कमान करून झटके देत पोहू लागला तर त्याच्यावरची नजर न काढता हळूहळू मागं सरायचं. आणि काही झालं तरी श्वास रोखून वर सुटायचं नाही, फुप्फुसं फाटतात.

भाऊजी तेव्हा मोबाइलमध्ये बघून केस बसवत होते. "वहिनी, तुम्ही भिऊ नका. मी हाय," म्हणाले.

चौथ्या दिवशी आम्हाला शार्क दिसला. खडकाच्या कपारीखाली वाळूवर पडला होता, माणसाएवढा लांब, पंखाच्या टोकाला पांढरा डाग. नुसते कल्ले हलत होते. मी आयुष्यात इतकं शांत जनावर पाहिलं नव्हतं. बाईंनी हातानं खूण केली, सगळं ठीक आहे. मी थांबले.

भाऊजींनी मात्र हातपाय झाडायला सुरुवात केली. वर जायच्या धडपडीत त्यांनी मला धरलं, माझ्या खांद्यावर पाय दिला आणि माझ्या तोंडातली हवेची नळीच ओढली. नाकातोंडात खारं पाणी. शिकवलेलं आठवून मी चाचपडत नळी शोधली आणि परत तोंडात धरली. बाईंनी भाऊजींचं जाकीट पकडून त्यांना खाली खेचलं, छातीवर थापा मारून श्वास सोडायला लावला. या गोंधळाला वैतागून शार्क उठला आणि आमच्याकडं पाठ करून निघून गेला.

बोटीत चढल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "आज जीव गेला असता, पण शार्कमुळं नाही."

भाऊजी टॉवेलात तोंड खुपसून बसले होते. माझी माफी मागणं सोडाच, माझ्याकडं बघितलंही नाही.

महिन्याभरानं रेणापूरला एका नातेवाइकाच्या घरी जावळाचा कार्यक्रम होता. ओसरीत भाऊजींभोवती माणसं जमली होती. "लई मोठा व्हता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीएवढा. असा अंगावर आला. मी वहिनीला मागं सारलं आन् म्होरं झालो. नजरेला नजर दिली, तवा फिरला."

सगळे माझ्याकडं बघू लागले. सासूबाईंनी कोपर मारलं, "जावई हायत. हाव म्हण."

"न्हाई म्हणणार," मी म्हणाले. "शार्क झोपला होता. भाऊजींनी माझ्या तोंडातली नळी ओढली, माझ्या खांद्यावर पाय देऊन पळत होते."

भाऊजी हसले. "बायांना पाण्यात काय दिसतंय?" आणि ओसरीवरचे पुरुषही हसले. मला राग आला नाही, किळस आली.

आत चुलीपाशी नणंद पुऱ्या लाटत होती. हळूच म्हणाली, "खरंच नळी ओढली?"

"हाव."

ती लाटत राहिली. मग म्हणाली, "उदगीरच्या रोडला गाडीतून धूर निघाला व्हता, तवा आधी ह्यांनीच उडी मारली. मी पोरीला घेऊन मागच्या शिटावर. दार आतून उघडत नव्हतं. रस्त्यावरच्या माणसांनी काढलं आम्हाला."

एवढ्या वर्षांत तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. मी दुसरं पोळपाट ओढलं आणि तिच्या शेजारी बसले.

भाऊजी अजून येतात, अजून बोलतात. मी पाणी देते, पण त्यांच्या पाया पडत नाही. सासूबाईंनी एकदा कारण विचारलं. मी म्हटलं, त्यांचा पाय माझ्या खांद्यावर पडून गेलाय, तेवढा पुरे.