एका यंत्राचे चार मालक

रेडिओच्या कॉम्प्युटरचं अ‍ॅडमिनपद ओनोराताच्या गळ्यात पडलं ते तिच्या पोरामुळे. डोंगरातल्या आमच्या सान मेल्कियादेस गावात गावकीचं पद माणसाला मिळत नाही, घराला मिळतं. सभेनं विल्फ्रिदोला रेडिओ सांभाळायला नेमलं, आणि हा पठ्ठ्या अर्ध्यातच उत्तरेला निघून गेला, लॉस एंजेलिसला, कुठल्याशा खानावळीत भांडी घासायला. जाऊ दे, पोटासाठी सगळेच जातात. पण उरलेलं काम कुणी करायचं? घरानं. आणि घरात कोण? एकटी आई. अध्यक्षांनी भर सभेत विचारलं, "जमेल का हो, ओनोराताबाई?" ती मागच्या बाकावरून म्हणाली, "नाही म्हटलं तर सोडणार आहात का?" सगळे हसले आणि नेमणूक पक्की झाली. पगार नाही, काही नाही. नीट केलं तर सभेत आपल्या शब्दाला वजन, बिघडवलं तर जन्मभर टोमणे.

तशी ती यंत्राला बुजणारी नव्हती. मोबाईल यायच्या आधी गावात एकच टेलिफोन होता आणि तो चालवत त्या खोलीत तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं फिसकटलं, हे तिला त्या घरच्यांच्याही आधी कळायचं. विल्फ्रिदोनं फोनवरून पासवर्ड सांगितला तेव्हा लिहिता लिहिता ती म्हणाली, "अरे, हा पासवर्ड आहे की जपमाळ? संपतच नाही!"

यंत्र उघडून बघते तर काय, ती धरून चार अ‍ॅडमिन! हे असं कसं, तर आमच्या मानापानामुळे. आमच्याकडे ज्यानं एकदा पद भूषवलं तो कायमचा वडीलधारा. त्याला रस्त्यात टोपी काढून नमस्कार करायचा, सभेत पुढं बसवायचं. मग त्याचं नाव यंत्रातून पुसायचं? छे छे, काहीतरीच! त्यामुळे प्रत्येक नव्या माणसानं जुन्यांची नावं आदरानं, सगळ्या हक्कांसकट, पुन्हा घातली होती. कुणीही केव्हाही, घरबसल्यासुद्धा, यंत्रात शिरावं आणि हवं ते बदलावं.

आणि बदल तरी किती! कॉम्प्युटर ज्याच्यावर चालतो ते लिनक्स म्हणजे आमच्या मोलेच्या रश्शासारखं. मिरच्या त्याच, चॉकलेट तेच, पण घराघराची चव निराळी, आणि प्रत्येकाला वाटतं बाकीच्यांना रांधताच येत नाही. पहिले अ‍ॅडमिन क्रिसोफोरोकाका. त्यांनी स्लॅकवेअर घातलं होतं, कारण त्यात सगळं आपल्या हातानं लिहावं लागतं आणि काकांना आयतं काही चालत नाही. मग आले शाळेचे अबुंदियोमास्तर. त्यांनी ते पुसून मिंट घातलं, म्हणाले, दिसायला सोपं, पोरंसोरंही शिकतील. मग विल्फ्रिदो. त्यानं तेही पुसलं आणि फेडोरा आणलं, कारण त्यात सगळं नवं कोरं. दर खेपेला रेडिओ आठवडाभर मुका, आणि गाव म्हणायचं, चला, नवा अ‍ॅडमिन आला वाटतं!

विल्फ्रिदो रात्रपाळीहून आला की तिकडून यंत्रात शिरायचा. ओनोराता सकाळी रेडिओवर गेली की तिला कळायचं. गाण्यांचा क्रम बदललेला, गावच्या बँडच्या धुना वर आणलेल्या, कधी पडद्यावर डोंगराचा नवा फोटो. तिला बरं वाटायचं. पोरगं ठीक आहे, त्याला अजून गावाची आठवण येते. फोन मात्र करायचा नाही. एकदा तिनं विचारलं तर म्हणाला, "फोन कशाला, आई? मी तर रोज घरी येतोच की."  

मग ती पाण्याच्या नळाची सकाळ आली. झऱ्यावरून येणारा नळ फुटला होता, आणि सगळ्या घरांनी मिळून तो दुरुस्त करायचा ठरलं होतं. कुठं जमायचं, फावडी कुणी आणायची, ते पहाटे रेडिओवर सांगायचं. ओनोरातानं बटण दाबलं आणि घसा फोडून सांगितलं. पण घरोघरच्या रेडिओवर चिडीचूप. तिला वाटलं बोलणं सगळीकडे पोचलं, आणि गाव मात्र निवांत झोपून राहिलं. झऱ्यावर जमले कोण, तर अध्यक्ष आणि त्यांचं कुत्रं.

दुपारी एकेक जण रेडिओवर आला, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर उपकार केल्याचा भाव. क्रिसोफोरोकाका म्हणाले, "अगं, काल जरा आवाजाची फाईल सुधारली मी. गबाळी होती." मास्तर म्हणाले, "मला ती बिघडलेली दिसली, म्हणून मी जुनी परत घातली." विल्फ्रिदोचा निरोप आला की दोघांनी घोळ घातलेला दिसला, म्हणून त्यानं सगळा आवाज दुसऱ्या तारेवर वळवला. त्या तारेला पलीकडे काहीच जोडलेलं नव्हतं.

"म्हणजे तिघांनीही माझं भलंच केलंत म्हणा की," ओनोराता म्हणाली. ती आतून धुमसत होती. नाव खराब झालं ते तिचं, कारण पद तिचं होतं.

पुढच्या सभेत तिला जाब विचारला गेला. ती उभी राहिली. आवाज खणखणीत. "यंत्राला अ‍ॅडमिन एकच राहील," ती म्हणाली, "ज्याच्याकडे पद आहे तो. बाकीच्यांनी रेडिओवर या, बोला, गाणी लावा, पण यंत्राच्या पोटात हात घालायचा नाही. आणि लिनक्स एकदाच ठरवा."

झालं! काय गदारोळ उठला म्हणता! काका म्हणाले, स्लॅकवेअरशिवाय माणूस शिकतच नाही. मास्तर म्हणाले, शिकायचं कुणाला आहे, रेडिओ ऐकायचा आहे. विल्फ्रिदो अध्यक्षांनी लावलेल्या फोनच्या स्पीकरवरून ओरडत होता, फेडोरा, फेडोरा. गावात कोण गेलं ते रेडिओवरच कळतं, म्हणून एक म्हातारी मधेच म्हणाली, "ज्यात मेलेल्यांची नावं नीट ऐकू येतील ते घाला बाई." 

ओनोरातानं सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आपल्याकडे माणूस सारखा बदलतो. म्हणून यंत्र न बदलणारं हवं. डेबियन घालू. ते घाईनं बदलत नाही, वर्षानुवर्षं तसंच राहतं. माझ्यानंतर जो येईल त्याला पहिल्यापासून सुरुवात नको."

"पण ते कुणाचं?" काकांनी विचारलं.

"कुणाचंच नाही. म्हणूनच तर."

रविवारी सगळे रेडिओच्या खोलीत जमले. केळीच्या पानात उकडलेले मक्याचे तामाले, थोडी मेस्कालची दारू, आणि पडद्यावर डेबियन हळूहळू चढतंय. यंत्रानं नावं विचारली. ओनोरातानं स्वतःचं नाव घातलं. क्रिसोफोरोकाका खुर्ची पुढं ओढून म्हणाले, "हं, आता माझं लिही." तिनं लिहिलं, पण साधं नाव, अ‍ॅडमिनच्या हक्काविना. काकांचा चेहरा उतरला. "म्हणजे मी आता उपरा?"

"काका, तुम्ही गावचे अध्यक्ष होतात, तेव्हाची ती पदाची, चांदीच्या मुठीची काठी कुठं आहे?"

"कुठं म्हणजे? नव्या अध्यक्षाला दिली. सगळ्यांसमोर, या हातांनी."

"मग काठी दिल्यावर लोकांनी तुम्हाला नमस्कार करायचं सोडलं?"

 काकांनी मेस्कालचा पेला उचलला आणि म्हणाले, "मोठी डोकेबाज आहेस गं तू," आणि हसले. मास्तरांनी तर आपण होऊनच साधं नाव मागितलं. त्यांच्या डोक्याचा ताप गेला होता, त्यांची काही हरकत नव्हती.

राहिला विल्फ्रिदो. तेव्हा काकाच म्हणाले, "त्याचा हक्क राहू दे, बाई. लांब आहे पोरगं. त्याला तेवढाच गावाचा आधार." मास्तरांनी मान डोलावली. अध्यक्षही म्हणाले, असू दे. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि सगळ्यांच्या डोळ्यांत माया होती. तिला वाटलं, हो म्हणावं. सकाळी आल्यावर गाण्यांचा क्रम बदललेला दिसला नाही तर दिवस कसा जायचा? पण आताच काकांचा हक्क काढला होता. काकांचा काढायचा आणि आपल्या पोराचा ठेवायचा, हे कुठल्या तोंडानं? तिनं त्याचंही नाव साधंच लिहिलं. लिहिताना तिला फार वाईट वाटलं.

रात्री विल्फ्रिदोनं आत शिरायचा प्रयत्न केला असणार. फोनवर दोनच ओळी आल्या. "आई, मला काही बदलता येत नाहीये. म्हणजे आता मी बाहेरचाच ना?" तिनं उत्तर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, आणि शेवटी एवढंच पाठवलं की जेवत जा वेळेवर.

मग बरेच दिवस काहीच नाही. रेडिओ झकास चालला होता. मेलेल्यांची नावं स्पष्ट ऐकू येत, हरवलेलं खेचर दुपारपर्यंत सापडे, नळ दुरुस्त झाला, सभेत लोक ओनोराताला पुढं बसवू लागले. तिला समाधान होतं, खोटं कशाला बोला. पण रोज सकाळी गाण्यांची यादी जशीच्या तशी असायची, आणि ती उगाच वरपासून खालपर्यंत बघायची.

एका रविवारी दुपारी फोन वाजला. फोन, हं, दोन ओळींचा निरोप नव्हे.

"आई, बँडचा आवाज फाटतोय. इथं इंटरनेटवर ऐकतोय मी."

सकाळपासून फाटतोय हे तिला ठाऊक होतं, आणि काय करायचं हेही ठाऊक होतं. जेवण करून बघू, म्हणून ठेवलं होतं. ती म्हणाली, "हो का रे? मला काही कळत नाही बाबा. सांग, काय लिहू?"

तो एकेक अक्षर सांगू लागला. ती एकेक अक्षर लिहू लागली, इतकी हळू की पूर्वी टेलिफोनवाली होती यावर कुणाचा विश्वास बसला नसता. मधे तिनं विचारलं, खोकला गेला का? गेला. मालक कसा आहे? बरा आहे, पण ओरडतो. आज काय खाल्लंस? तो सांगत बसला, कुणाच्या तरी घरी एका मावशीनं मोले केलं होतं, पण तुझ्यासारखं नाही. मग खोलीतल्या मित्राचं, मग बसमध्ये भेटलेल्या आपल्याच डोंगरातल्या एका पोरीचं. त्या पोरीचं बराच वेळ चाललं. तोवर शेवटचं अक्षर लिहून झालं होतं आणि बँड खोलीत स्वच्छ वाजत होता.

"झाला का ठीक?" त्यानं विचारलं.

"नाही रे," ओनोराता म्हणाली, "अजून फाटतोय."

पलीकडे त्याच्या कानातही तोच बँड तसाच स्वच्छ वाजत होता. 

"हो, फाटतोय खरा," तो म्हणाला. "बरं, आता पुढचं लिही."