इनासदादाच्या चार तारा

माणूस गेला की त्याचे किस्से घरी यायला लागतात. दाराबाहेर चपला काढतात, आईजवळ बसून चहा घेतात आणि निघायचं नाव घेत नाहीत. माझा थोरला भाऊ इनास गेल्यापासून घरात पाय ठेवायला जागा नाही!

दादा बेस गिटार वाजवायचा, ती खर्जात घुमणारी. चर्चमध्ये, लग्नात, हळदीत, जिथे बोलावतील तिथे. मी आठवीत शाळा सोडली, टेम्पो चालवतो. बँडचं सामान मीच न्यायचो. तो गेल्यावर त्याची गिटार माझ्या सीटमागे असायची. कुणाला हात लावू देत नव्हतो.

* * *

दादाचा गुरू कोण, असं लोक विचारतात. वालीवच्या कारखान्यातली प्रेस मशीन! तिथे कामाला होता तेव्हा दिवसभर तिच्या घरघरीवर तो खालच्या आवाजात गुणगुणायचा. एकदा सुपरवायझर धावत आला, "अरे, मशीनमधून दोन आवाज येतायत!"

दादा म्हणाला, "एक माझा आहे, सर."

दुसरे गुरू पप्पा. ते वरातीच्या बँडमध्ये सगळ्यात मोठा भोंगा वाजवायचे. म्हणायचे, "लोक नवरीला बघायला येतात, आपल्याला नाही. पण त्यांचे पाय आपण उचलायचे."

* * *

चर्चमध्ये दादाने पहिल्यांदा बेस वाजवला, तेव्हा नताल मावशी दुसऱ्या बाकावर होती. मिस्साची प्रार्थना संपल्यावर आईला म्हणाली, "कम्युनियनसाठी उपाशी आले गं. पोटात काय गुरगुरत होतं! आजूबाजूला ऐकू गेलं असेल."

दादा मागेच उभा होता. "मावशी, ते पोट माझं होतं!"

तेव्हापासून तो गिटारला हात लावताना दिसला की मावशी आधी पोटावर हात ठेवायची.

* * *

अर्नाळ्याला हळद होती. नवरीची आजी बराच वेळ गिटारी निरखत बसली. मग दादाजवळ आली. "त्या पोराच्या गिटारीला सहा तारा. तुझ्या चारच?"

"हो आजी."

"परवडत नाय का रं?"

निघताना तिने सुक्या बोंबलांची पिशवी त्याच्या हातात कोंबली. बाकी कुणाला एक बोंबील नाही! टेम्पोभर वास. दादा म्हणाला, "आणखी दोन तारा काढून टाकतो. पापलेट मिळेल."

* * *

मला शिकवायला बसला होता. मी पाचव्या मिनिटाला तार तोडली. बेसची तार! दादा म्हणाला, "ही बैलाने ओढली तरी तुटत नाही. तू टेम्पोच चालव."

* * *

हॉस्पिटलमध्ये त्याच्या अंगात काही उरलं नव्हतं. केस गेले, आवाज गेला. उजव्या हाताची दोन बोटं मात्र चादरीवर चालायची. सिस्टरने विचारलं, "हात का हलतोय? दुखतंय का?"

दादाने मला खुणेने जवळ बोलावून कानात कुजबुजत सांगितलं. मी सिस्टरला म्हणालो, "लग्न चालू आहे म्हणतो. जेवण वाढेपर्यंत थांबता येत नाही."

सिस्टर हसली. मी जिन्यात जाऊन भिंतीवर डोकं आपटलं.

* * *

दफन झालं त्याच आठवड्यात बँडचा मेल्विन घरी आला. "ज्यो, नाळे गावचा एडविन आता बेसला उभा राहणार. त्याच्याकडे स्वतःची गिटार नाही. दादाची दे. वाजती राहील."

मी हातातला कप भिंतीवर फोडला. "वाजवणारा मातीत गेला आणि ती वाजती राहील? चल, नीघ!"

आई खाली बसली. काचा वेचत राहिली.

* * *

परवा दादाच्या महिन्याची मिस्सा होती. सामान मीच नेलं. सवयीने बेसचा अँप्लिफायरसुद्धा उतरवला, ड्रमच्या डाव्या बाजूला ठेवला, वायर लावली. एडविन रिकाम्या हाताने खांबाजवळ उभा होता.

साउंडवाला फेलिक्स मिक्सरवर मान खाली घालून आवाजाचा चेक घेत होता. त्याचा क्रम ठरलेला, आधी ड्रम, मग बेस. ड्रम झाले. मान वर न करता तो माइकवर बोलला, "ओके. इनास, बेस दे."

अख्ख्या चर्चमध्ये घुमलं.

फेलिक्सचा हात बटणावर तसाच. त्याने मान वर केलीच नाही.

आई पहिल्या बाकावर होती. वळली नाही. फक्त म्हणाली, "ज्यो, तो मागतोय ना. दे की."

मी टेम्पोकडे गेलो. गिटार आणली, एडविनच्या गळ्यात अडकवली. दादा उंच, एडविन बुटका. गिटार त्याच्या गुडघ्यांपर्यंत लोंबली. तो पट्टा आखूड करायला गेला.

मी म्हणालो, "पट्ट्याला हात लावायचा नाही!"

एडविन वाकला. त्याची बोटं अजून तारेपर्यंत पोचली नव्हती.

दुसऱ्या बाकावर नताल मावशीने पोटावर हात ठेवला.