माठातलं यील्ड

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला केमिस्ट्री घेतलेल्या आम्ही दोघीच मुली होतो. एक मी, चिमूरकडची, चंद्रपुरात मामांकडे राहून शिकणारी. दुसरी माझी मैत्रीण. तिच्या अब्बांचं बाजारात बांगड्यांचं दुकान होतं. प्रयोगशाळेत आम्हाला एकच टेबल मिळालं होतं, खिडकीजवळचं. खिडकीतून वीज केंद्राची राख आत यायची आणि आमच्या पदार्थात पडून वजन वाढवायची. ते वजन आम्ही आनंदानं मोजून घेत असू.

त्या वर्षी अ‍ॅसिटॅनिलाइड तयार करायचं होतं. पाच ग्रॅम अ‍ॅनिलीन घ्यायचं, त्याची अभिक्रिया करायची, उकळत्या पाण्यात विरघळवायचं आणि थंड करायचं, की पांढरे चकचकीत पापुद्रे खाली बसतात. ते गाळून, वाळवून तोलायचे. कागदावरच्या हिशोबानं सव्वासात ग्रॅम निघायला हवं. प्रत्यक्षात जेवढं निघेल त्याला सव्वासातानं भागायचं आणि शंभरानं गुणायचं, म्हणजे टक्क्यांत यील्ड आलं. गणित पाचवीतल्या पोरीलाही जमेल असं होतं. अडचण गणिताची नव्हतीच.

पहिल्या खेपेला माझं यील्ड एकशे चोवीस टक्के आलं.

आमचे विभागप्रमुख पुण्याकडचे होते. तिकडे नोकरी मिळाली नाही म्हणून ते इथं आले होते आणि तो राग ते तीन वर्षं आमच्यावर काढत होते. माझी जर्नल वर्गापुढे धरून ते म्हणाले, "या बाईंनी हवेतून माल काढला आहे. पदार्थविज्ञानाच्या लोकांना बोलवा, बघू दे त्यांना."

सगळी मुलं हसली. मीही हसले, कारण चूक मला कळली होती. मी पदार्थ ओलाच तोलला होता. वरचे चोवीस टक्के म्हणजे निव्वळ पाणी, आणि खालच्या शंभरातही पाणीच पुष्कळ. दोन दिवस वाळवून पुन्हा तोललं, तर तीन पूर्णांक आठ ग्रॅम भरलं. यील्ड बावन्न टक्के.

ते बघून सर हसले नाहीत. जर्नल परत देताना म्हणाले, "तुमच्याकडून एवढंच निघायचं."

या 'तुमच्या'मध्ये कोण कोण येतं, हे मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं: चिमूर-चंद्रपूरकडचे आम्ही सगळेच. ते पहिल्यांदा म्हणत नव्हते.

मैत्रीण टेबलाखालून माझा पाय दाबत म्हणाली, "काऊन डोक्स्याले ताप देऊन राह्यली वं? भाऊले सांग ना, बरणीतलं देईल."

भाऊ म्हणजे आमचे प्रयोगशाळेतले शिपाई. नोकरीला वीस वर्षं झालेली, त्यामुळे केमिस्ट्री त्यांना सरांपेक्षा जास्त कळते असं ते स्वतः सांगत आणि आम्हाला ते पटत असे. त्यांच्या कपाटात एक मोठी काचेची बरणी होती. मुलांनी केलेला पदार्थ तपासून झाला की भाऊ तो वाळवून त्या बरणीत ओतायचे. पुढच्या वर्षी ज्याचा कमी भरला, त्याच्या पुडीत त्याच बरणीतला चमचाभर घालायचे. एकेका पापुद्र्याला किती पिढ्यांनी नव्यानं तयार केलं असेल, देव जाणे. सगळ्यांचं यील्ड अठ्ठ्याहत्तर टक्के यायचं, कारण भाऊंना तो आकडा आवडायचा. "पंच्याहत्तर सांगतलं का कमी वाटते, अंशी सांगतलं का थापा वाटते," असं त्यांचं म्हणणं.

एरवी मीही पुडी पुढे केली असती. मी काही फार तत्त्वाची नव्हते; हजेरीला मैत्रिणीच्या आवाजात 'येस सर' म्हणण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. पण त्या 'तुमच्याकडून'नंतर बरणीला हात लावायचा नाही असं मी ठरवलं.

माझा माल जातो कुठे, हे शोधायला मी थर्मामीटर घेतला आणि नळाचं पाणी मोजलं. बेचाळीस अंश. पुस्तकात लिहिलं होतं, 'नळाच्या थंड पाण्यात फ्लास्क धरा.' ते पुस्तक लिहिणाऱ्यानं एप्रिलमध्ये आमच्या कॉलेजच्या गच्चीवरची टाकी पाहिलेली नव्हती. त्या पाण्यात फ्लास्क थंड होणं शक्यच नव्हतं. निम्मा पदार्थ खाली न बसता पाण्यातच विरघळून राहायचा आणि गाळताना मोरीत जायचा. हे मी सरांना सांगितलं असतं, पण सरांना काही सांगायचं तर आधी त्यांनी ऐकायचं थांबवलेलं नसायला हवं.

परीक्षेच्या दिवशी नागपूरहून बाहेरचे परीक्षक आले. बुटके, कपाळावर घामाचे ओघळ, हातात सतत रुमाल. भाऊंनी सकाळीच भुशाच्या पोत्यात बर्फाची लादी आणली होती. त्यातला निम्मा बर्फ परीक्षकांच्या पन्ह्यात गेला आणि उरलेला तासाभरात पाणी होऊन फरशीवर पसरला. मैत्रिणीनं फरशीकडे पाहिलं आणि शांतपणे भाऊंच्या कपाटाकडे गेली.

मी फ्लास्क, नरसाळं आणि फिल्टरपेपर घेऊन काट्याच्या खोलीत गेले. नाजूक वजनकाटे होते म्हणून ती खोली कायम बंद, अंधारी. कोपऱ्यात तिवईवर सरांचा माठ होता, वर ओलं फडकं गुंडाळलेला. त्या माठाला सर आणि भाऊ यांच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, असा अलिखित कायदा होता. मी थर्मामीटर बुडवला. सव्वीस अंश.

मी फार विचार केला नाही. फ्लास्क आधी हवेवर निववला, तोंडाला बूच बसवलं, वेणीची रिबीन सोडून त्याच्या मानेला बांधली आणि पूर्ण माठात सोडला. पंधरा मिनिटं मी काट्यासमोर बसून वजन करत असल्याचं नाटक केलं. वर ओढला तेव्हा आत असे सुंदर पापुद्रे झळकत होते, की मला ओरडावंसं वाटलं. मी लगेच पदार्थ गाळून घेतला. मग फिल्टरपेपर पाठीमागे लपवून वळते तो दार उघडलं. सर, परीक्षक आणि मागे भाऊ.

"इथं जरा थंड आहे, बसा," सर परीक्षकांना म्हणाले. "भाऊ, पाणी द्या."

भाऊंनी माठात ओगराळं बुडवून दोन पेले भरले. तेव्हा मला दिसलं, की फ्लास्क वर ओढताना त्याचं बूच निसटलं होतं. ते माठात तरंगत होतं.

परीक्षकांनी पेला ओठांशी नेला.

"सर, ते पाणी पिऊ नका!"

दोघंही थांबले. "का?" सरांनी विचारलं.

"त्यात... त्यात माझं यील्ड आहे."

भाऊ हळूच दाराबाहेर सरकले. सरांचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला. परीक्षकांनी पेला उजेडाकडे धरून पाहिला. पाण्यात बारीक चकाकणारे कण फिरत होते.

"माठात फ्लास्क बुडवला?" ते मला म्हणाले.

"हो सर. नळाचं पाणी बेचाळीस आहे. माठाचं सव्वीस."

"मोजलंस?"

"मोजलं सर."

ते खुर्चीवर बसले आणि माझी तोंडी परीक्षा तिथंच सुरू केली. गरम पाण्यात जास्त विरघळतं तर धुवायला थंडच पाणी का, ओला पदार्थ तोलला तर काय होतं, शंभरच्या वर यील्ड आलं तर कशाचा संशय घ्यायचा. एकशे चोवीसचा अनुभव गाठीशी असल्यामुळे शेवटच्या प्रश्नाला मी फार खुलून उत्तर दिलं. मग त्यांनी बाहेरच्या पुड्यांची यादी मागवली आणि वरून खाली बोट फिरवत विचारलं, "सर, तुमच्या सगळ्या मुलांचं अठ्ठ्याहत्तर कसं काय?"

"आमचं शिकवणं एकसारखं आहे," सर म्हणाले.

परीक्षक खोकल्यासारखे हसले आणि त्यांनी यादी बाजूला ठेवली. वाळल्यावर माझा पदार्थ चार पूर्णांक एक ग्रॅम भरला. साडेछप्पन्न टक्के. माठात गेलेलं धरलं असतं तर आणखी असतं, पण ते धरायचं कसं, हे मला तेव्हाही कळलं नाही.

पन्नासपैकी मला सदतीस मिळाले. अठ्ठ्याहत्तर टक्केवाल्या मैत्रिणीला बेचाळीस. तिनं मला समोसा खाऊ घातला आणि म्हणाली, "खरं बोलाचे पाच मार्क कटले समज." मला राग यायला हवा होता, पण समोसा गरम होता.

जर्नलवर शेवटची सही घ्यायला गेले तेव्हा सरांनी मान वर न करता विचारलं, "नळाचं बेचाळीस खरंच होतं?"

"हो सर."

सही करून ते बराच वेळ पेनचं टोपण शोधत राहिले. "मी कधी मोजलं नाही," असं म्हणून त्यांनी जर्नल पुढे सरकवली. माफी वगैरे त्यांनी मागितली नाही. मीही माठाबद्दल मागितली नाही.

सुट्टीत घरी गेल्यावर मी मायला सगळं सांगितलं. ती अंगणात मोहफुलं पसरत होती. बराच वेळ ऐकून घेतल्यावर तिनं एवढंच विचारलं, "मास्तर प्याला तं नाई ना?"

"नाई."

"मंग झालं," ती म्हणाली आणि मला दुसरी पाटी आणायला पिटाळलं.