एका मताने पडलेला सुहासदादा

नेदरलँड्समधल्या आल्मेरेच्या आमच्या मराठी मंडळाचे कार्यक्रम कोरोनात बंद पडले, किस्से मात्र चालूच राहिले. घरात कोंडलेली माणसं जरा जास्तच विचित्र वागतात. त्यातले निम्मे किस्से सुहासदादाचे!

सुहासदादा पुण्याचा, आयटीतला. मंडळाचा अध्यक्ष व्हायची त्याची फार जुनी इच्छा. त्या वर्षी तो मेधाताईंच्या विरोधात उभा राहिला. निवडणूक झूमवर, मतदान गुप्त, एका घराला एक मत.

भाषणाला पाच मिनिटं होती. त्यातली चार दादाने मेधाताईंनी मंडळासाठी किती केलं, हे सांगण्यात घालवली. शेवटी कुणीतरी विचारलं, "दादा, तुम्ही नक्की कोणाचा प्रचार करताय?"

पडला. एका मताने!

*

याचं दुःख दादापेक्षा त्याच्या बायकोला, वृषालीवहिनींना जास्त. कुणीतरी शब्द देऊन फिरलं, असं त्यांनी पक्कं धरलं. संशय माझ्यावर, कारण मतदानाच्या वेळी माझा कॅमेरा बंद होता. मी पोळ्या लाटत होतो, पण ऐकतंय कोण! त्या दिवाळीत वहिनींच्या चकल्या सगळ्यांकडे पोचल्या, आमच्याकडे नाहीत. मला खरंच वाईट वाटलं.

*

पुढे मेधाताईंचं अख्खं घर पॉझिटिव्ह निघालं. डबा घेऊन कोण गेलं? पडलेला उमेदवार! समोरून वारा, सायकलला दोन्हीकडे पिशव्या. बेल वाजवून तो लांब जाऊन उभा राहिला.

मेधाताई वरच्या खिडकीतून खोकत म्हणाल्या, "दादा, पुढच्या वर्षी पुन्हा उभे राहा हो!"

"ते बघू. आधी डबा आत घ्या, वरण गार होतंय."

*

दादाने पुन्हा उभं राहावं का, यावर ग्रुपवर महिनाभर वाद. एकाने लिहिलं, "पडलेल्याने मानाने बाजूला व्हावं." दुसऱ्याने लिहिलं, "एका मताने पडणं म्हणजे काय पडणं आहे का!"

दोन्ही मेसेजना दादाचा थम्ब्स-अप.

त्याला उभं राहायचं होतं, हे मला माहीत होतं. संध्याकाळी फिरताना तो दीड मीटर अंतर ठेवून मला नव्या भाषणाचे मुद्दे ऐकवायचा. "पण वृषाली हो म्हणाली पाहिजे," हे शेवटी ठरलेलं.

*

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी वहिनींनी मला घरी बोलावलं. तेव्हा एका घरी एकाच पाहुण्याला परवानगी होती. तो मान मला! टेबलावर दादाला शब्द दिलेल्या घरांची यादी होती. प्रत्येक नावापुढे बरोबरची खूण, 'मकरंद'पुढे, म्हणजे माझ्यापुढे, प्रश्नचिन्ह.

"कोण फुटलं ते कळल्याशिवाय मी याला उभं राहू देणार नाही," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, शपथ! मी दादालाच दिलं."

दादा चहा ढवळत होता. बराच वेळ ढवळत होता.

"अगं, त्याला सोड," तो म्हणाला. "आपल्या घराचं मत मी मेधाताईंना दिलं. स्वतःच स्वतःला मत द्यायचं, बरं दिसतं का ते?"

वहिनींनी यादीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला.

"अर्ज भर. या वेळी घराचं मत मी देणार. आणि आधी ऊठ, मकरंदला चकल्या वाढ!"