दोन वायरी, चार वाटा

तलासरीजवळच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात मी काँप्युटर सांभाळायला लागलो ते २०१५ साली. घटस्फोट होऊन वर्ष उलटलं होतं. डहाणूत खोली घेतली होती. सकाळी एसटीने जायचो, संध्याकाळी परत. खोलीवर बोलायला कुणी नव्हतं. कामावर माझ्याशी बोलायच्या त्या केस पेपरच्या खिडकीवरच्या ताई, त्याही इंटरकॉमवरून. घरी त्या गुजराती बोलत.

"सर, पाछु अटकलं!" पाछु म्हणजे पुन्हा. एवढं म्हणून फोन ठेवून द्यायच्या.

अटकायचं ते रोज अकराच्या सुमाराला. आमच्याकडे दोन सर्व्हर होते. एकेका पेटीच्या आत चार-पाच काँप्युटर असल्यासारखे चालायचे: एक केस पेपरचा, एक लॅबचा, एक एक्स-रेचा. पण पेटीला नेटवर्कच्या वायरीसाठी पोर्ट दोनच. त्या दोन वायरींतून सगळं एकत्र जायचं. खिडकीवरचं टायपिंग, साठवणुकीच्या पेटीकडे जाणारी एक्स-रेची जड चित्रं, मला सर्व्हर हाताळायला लागणारी वाट, आणि एका पेटीवर ताण आला की दुसरीवर सरकणारा आतला अख्खा काँप्युटर. तो सरकायला लागला की बाकीच्यांना जागाच उरायची नाही. जादा पोर्टचं कार्ड बसवावं म्हटलं, तर पेटीत त्याला खाच नव्हती.

एकदा असंच पाऊण तास अडकलं. झरीहून एक आजोबा नातीला घेऊन आले होते. पोर तापाने त्यांच्या खांद्यावर झोपलेली. मी खिडकीमागे खटपट करत होतो. त्यांनी गजांतून विचारलं, "मशीन दमला का, दादा?"

"थोडं थांबा, आजोबा."

ते थांबले. रागावले असते तर बरं झालं असतं. पेपर निघाला, पोरीला तपासलं, औषध मिळालं. तोवर त्यांची जीप निघून गेली होती. पोरीला तसंच खांद्यावर घेऊन ते फाट्याकडे चालत गेले. मी वरच्या मजल्यावरच्या माझ्या खोलीच्या खिडकीतून बघत राहिलो.

त्या रविवारी बाह्यरुग्ण विभाग बंद असताना मी कामाला लागलो. वायरी वाढणार नव्हत्या, मग त्यातच वाटा पाडायच्या. प्रत्येक प्रकारच्या वाहतुकीला वेगळा नंबर दिला, म्हणजे एकाची दुसऱ्यात मिसळ होणार नाही. पहिल्या वायरीवर खिडकीचं आणि माझं काम, दुसरीवर साठवण आणि सरकासरकी. सरकासरकीला वेगाची मर्यादा घातली. एक वायर तुटली तर सगळं दुसरीवर यावं, अशी सोयही केली.

आणि मीच माझी वाट बंद करून बसलो. सगळ्या वायरी ज्या पेटीत एकत्र येतात त्या स्विचवर माझ्या वाटेचा नंबर टाकायचा राहिला होता. सर्व्हर चालू होते, पण माझ्या टेबलावरून दिसेनासे झाले. विचारायला कुणी नाही. शेवटी कीबोर्ड आणि मॉनिटर उचलून सर्व्हरच्या खोलीत नेले, थेट पेटीलाच जोडले. सर्व्हरची सगळी मांडणी तपासली, चूक तिथे नव्हतीच. तास गेला तेव्हा कुठे स्विच आठवला. माझा नंबर टाकला आणि वाट उघडली. मोठ्याने "झालं!" म्हणालो. त्या खोलीत ते फारच मोठं वाटलं.

सोमवारी अकरा वाजले, साडेअकरा वाजले, फोन आला नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी दुपारी मीच खाली फोन केला.

"चाललंय ना?"

"चाललंय की. तुम्ही रजेवर नाही? मला वाटलं रजेवर आहात."

"नाही, वरच आहे."

"मग काय काम होतं, सर?"

काहीच काम नव्हतं. मग त्याच म्हणाल्या, "जेवला नसाल तर डबा घेऊन खाली या."

गेलो. माझ्या डब्यात सकाळचा कोरडा भात होता. त्यांनी न विचारता त्यावर डाळ घातली आणि नर्सबाईंशी चाललेलं बोलणं पुढे चालू ठेवलं. मी डाळभात कालवून खायला लागलो. बोलायचा कुणी आग्रहही केला नाही.

पुढची तीन वर्षं आठवड्यातून दोनदा तरी मी तिथे जेवलो. बाकीचे दिवस मात्र वर एकटाच बसायचो. ती सवय काही सुटली नाही.